जुलैमध्ये आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन गोव्याला जाणं शहाणपणाचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून १२ ते १६ जुलै जमतंय, सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि सात वर्षांची मुलगी, समुद्रासमोरची खोली डिसेंबरच्या मानाने खूपच स्वस्तात मिळतेय, आणि मुलीने समुद्रात पोहायचा हट्ट धरलाय. पोहण्याचं सोडून बाकी सगळं जमेल.

माझं घर डिचोलीत, नोकरी पणजीत. त्यामुळे पावसाळा मी खिडकीतून कमी आणि रेनकोटातून जास्त बघतो. बाहेरचे लोक विचारतात, ‘पावसात गोवा बंद असतो का?’ गोवा चालू असतो हो. बंद असतो तो समुद्र.

जूनच्या सुरुवातीला नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात. वाळूचे दांडे पाण्याखाली तयार होतात, दोन दांड्यांमधल्या फटीतून पाणी जोरात परत फिरतं, आणि वरून ती जागा उलट शांत दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. म्हणून लाल झेंडे लागलेले असतात आणि घोट्याभर पाण्यात गेलं तरी जीवरक्षक शिट्टी मारतो. शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती झापांची हॉटेलं, मे संपता संपता काढून नेलेले असतात. डिसेंबरात जिथे खुर्च्या मांडतात तिथे कधीकधी कमरेएवढी कापलेली वाळूची भिंत असते. पोहणं सोडाच, मुलीचा हात धरूनच उभं राहावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीने हाच सौदा केला होता. ‘अरे, बाल्कनीतून समुद्र दिसतो!’ दिसत होताच, आणि बाल्कनीतून आतही येत होता. खाऱ्या तुषारांनी काचा पांढुरक्या झालेल्या, बाथरूमचं दार फुगून अर्धवट लागत होतं, पहिल्या दिवशी धुतलेला टॉवेल निघताना दमटच पिशवीत भरला. रात्री वीज गेली आणि लाटांचा आवाज एवढा की काकांनी कानात कापूस घातला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना उचलून पणजीला आणलं.

तुमच्या तारखा पुनर्वसू नक्षत्रात पडतात. आपल्याकडे त्याला तरणा पाऊस म्हणतात, ते उगाच नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैचा वाटा सगळ्यात मोठा. पुण्याचा अख्ख्या वर्षाचा पाऊस आमचा एकटा जुलै सरासरीने मागे टाकतो. पण तो घड्याळ लावून दिवसभर पडत नाही. सर येते, वीस मिनिटं समोरचं दिसत नाही, मग अचानक उघडीप, कौलांवरून वाफ निघते. दोन-तीन दिवस झड लागते तेव्हा मात्र घरी बसायचं. सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला, सह्याद्रीला ढग अडतात म्हणून किनाऱ्यापेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. पणजीत बरं असलं म्हणजे तिकडेही बरं असेल असं धरू नका.

मोबाइलवरच्या हवामानाकडे बघून जीव घाबरवू नका. जुलैत ते सातही दिवस ढग-वीज-पावसाचंच चित्र दाखवणार. आम्ही ते बघतच नाही. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज बघा. पिवळ्याला मी बाहेर पडतो, नारिंगीला घाट टाळतो, लाल असेल तर भजी तळतो. इथे खात्याचं रडार आहे, त्याचं चित्र तास-दोन तासांच्या बेताला पुरतं.

जायचंच असेल तर मुक्काम पणजीत करा आणि तिथूनच फिरा. मावशीला मी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर नेलं. मांडवी गढूळ, तांबूस, काठोकाठ. बोटीच्या लोखंडी फळीवर स्कूटरवाले रेनकोट झटकत होते, एका बाईच्या टोपलीत केळीच्या पानात बांधलेली अळमी होती. पावसात वारुळांवर उगवणारी ही रानटी अळंबी भलती महाग असते. मावशीने भाव ऐकून कपाळाला हात लावला आणि तरी घेतली. पलीकडे उतरल्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि बगळे. चार दिवसांत मावशीला तेवढंच धड आठवतंय.

आई-बाबांसाठी मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा सोपी आहेत, दोन्हीकडे भिजल्यावर टेकायला मंडप आहेत. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पावसातच बघावं असं माझं मत, पण तिथे जळवा असतात. मुलीला आधी सांगून ठेवा आणि खिशात मीठ ठेवा. आषाढी एकादशीचा दुसरा दिवस तुमच्या सुट्टीत येत असेल तर माशेलला देवकी-कृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, असतो. समुद्र विसरायला मुलीला याहून चांगलं औषध नाही. दूधसागरला कुळ्याहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, आणि रुळांवरून चालत जायला मनाई आहे, कितीही रील बघितल्या असल्या तरी. पुण्याहून लोंढ्यामार्गे येणारी गाडी धबधब्यासमोरून जाते, तेव्हा तो दिवसाउजेडी लागेल अशी गाडी मिळते का ते बघा. स्वतःची गाडी आणणार असाल तर अंबोली काय किंवा चोर्ला काय, घाट दुपारी चारच्या आत उतरा. धुक्यात पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नाही.

मासळीचं आधीच सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ताटात विसवण (सुरमई) आलाच तर तो बर्फातला किंवा बाहेरून आलेला. त्यापेक्षा सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर मागा, आम्हीही या दिवसांत तीच खातो.

आता खरा प्रश्न. मुलीला पाण्यात उतरवायचंच असेल तर जुलै सोडा. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, समुद्र ओसरत नाही. ऑक्टोबरला लोक फसतात: शाळेला सुट्टी, शॅक उभे राहायला लागलेले, फोटोत आकाश निळं. पण जमीन ओली, ऊन कडक, दुपारी अंगाची काहिली आणि संध्याकाळी हस्त नक्षत्राच्या विजा. त्यात अरबी समुद्रात वादळाचे दिवस तेच. २००९ मध्ये २ ऑक्टोबरलाच दक्षिण गोव्यातल्या काणकोणात अचानक पूर येऊन हाहाकार झाला होता. मे महिन्याचंही तसंच, २०२१ चं तौक्ते वादळ मे महिन्यातलंच.

माझ्या मते तुमच्यासाठी नोव्हेंबरचा शेवट ते १५ डिसेंबर. पहाटे डोंगराकडून गार वारा येतो, पारा विशीच्या आसपास असतो, दुपारी बत्तीस-तेहतीस, आणि समुद्र तळ्यासारखा. फक्त ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त असतं, त्या दिवशी तिकडची वाट धरू नका. भाव चढतात ते नाताळच्या आठवड्यात. तो काळ चुकला तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या दिवशी पूर्वेचा वारा अडून बसतो, समुद्राचा वारा दुपारी उशिरा येतो आणि मेपेक्षाही जास्त तापतं. आई-बाबांना ते झेपणार नाही. मुलीसाठी काणकोणातलं पाळोळे बघा, उत्तरेच्या किनाऱ्यांपेक्षा तिथली खाडी सौम्य आहे.

जुलैच ठरला तर जीन्स घरी ठेवा, पाचही दिवस वाळणार नाही. छत्रीपेक्षा रेनकोट, बुटांपेक्षा रबरी चपला, टॉवेल माणशी दोन. आणि हॉटेलला फोन कराल तेव्हा समुद्र किती लांब ते विचारण्याआधी जनरेटर आहे का ते विचारा, आणि तो रात्रभर चालवतात का तेही.