४५ डॉलरचा हापूस आणि १० डॉलरचा मँगो
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात आंब्यावरच इतके प्रश्न आले की लोणच्याचे आणि कोकमाचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): ताई, नमस्कार. इथल्या इंडियन ग्रोसरीत हापूसची पेटी आली, ४५ डॉलर, आत मोजून ११ आंबे. त्याच रस्त्यावरच्या अमेरिकन दुकानात मेक्सिकोचा लाल-हिरवा मँगो खोकंभर १० डॉलरला. नवरा म्हणतो आंबा तो आंबा, चौपट पैसे कशाला, हे दुकानदार आपल्या आठवणींचे पैसे लावतात. खरंच लुटतात का? आणि मेक्सिकोच्या आंब्याचा आमरस होतो का?

उत्तर: दुकानदार दोन पैसे कमावतच असणार, पण लूट नाही म्हणणार मी. माझं माहेर देवगड तालुक्यातलं, वडिलांची कलमं होती, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर सांगते, मग तुम्हीच नवऱ्याला हिशोब समजवा.

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, उतरवायचा, तोही देठासकट, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकल्यावर तिथे काळा डाग दिसतो. एकदा उतरवला की दिवस मोजायला लागायचे, साध्या हवेत आठ-दहा दिवसांत तो पिकणार आणि त्यानंतर चार दिवसांत खाल्ला नाही तर गेला. आता एवढ्याच दिवसांत त्याला कोकणातून न्यू जर्सीला जायचंय, आणि ते सरळ जाता येत नाही, मधे एक मोठं काम असतं.

अमेरिकेत आपला आंबा कित्येक वर्षं येतच नव्हता, २००७ साली दार उघडलं ते एका अटीवर, की प्रत्येक फळावर विकिरण, म्हणजे किरणांचा मारा, झालेलं पाहिजे, कमीत कमी ४०० ग्रे (हे त्या माऱ्याचं माप). कारण आपल्या आंब्यात फळमाशी असते आणि कोयीत एक भुंगा असतो, तो त्यांना त्यांच्या बागांत नकोय. फळमाशीची अळी गरात असते, ती गरम पाण्याने मरते, पण भुंगा कोयीच्या आत बसलेला, तिथपर्यंत गरम पाणी काय पोचणार, म्हणून गॅमा किरणं. मेक्सिकोत हा भुंगाच नाही, त्यामुळे त्यांचा आंबा ४६ अंशांच्या पाण्यात तास-दीड तास बुडवला की काम झालं. आपल्याकडे सुरुवातीला हे काम लासलगावला व्हायचं, म्हणजे कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात कोकणातला आंबा घाट चढून जायचा, आणि मग परत मुंबई विमानतळावर! नंतर वाशीला सोय झाली. शिवाय तिकडचा इन्स्पेक्टर इथे येऊन उभा राहणार आणि त्याचा येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च आपल्याच बाजूने. २०२० मध्ये कोविडमुळे तो येऊ शकला नाही तर निर्यातच थांबली, ती पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आणि २०२५ च्या मे महिन्यात काय झालं बघा, विकिरण होऊन तिकडे पोचलेल्या १५ खेपा कागदपत्रांत गडबड आहे असं सांगून अमेरिकेने नाकारल्या, म्हणजे परत आणा नाहीतर तिथेच नष्ट करा. परत आणायचं विमानभाडं आंब्याच्या किमतीपेक्षा जास्त, त्यामुळे नष्टच. आंब्यात काही खोट नव्हती. अशा फटक्याची भीती व्यापाऱ्याला दरवर्षी असते आणि ती तो भावात धरतोच, दुसरं काय करणार.

मग विमान. विमानात किलोवर पैसे, आणि तुमची ती तीन-साडेतीन किलोची पेटी म्हणजे कोयी, साली, पुठ्ठा सगळ्याचं भाडं तुम्ही भरताय. मेक्सिकोचा आंबा ट्रकमध्ये बसून सीमा ओलांडतो, एका ट्रकमध्ये हजारो खोकी, वाटेत चार दिवस जास्त लागले तरी त्याला काही होत नाही कारण साल जाड आहे. आपल्याकडेही जहाजाचा प्रयत्न झालाय, २०२२ मध्ये केशरचा एक कंटेनर मुंबईहून तुमच्याच नेवार्कला २५ दिवसांनी पोचला. हे जमलं तर भाव खरंच उतरेल. पण हापूससारख्या नाजूक फळाचं २५ दिवस ठेवणं सोपं नाही हो.

म्हणजे बागायतदाराला त्या ४५ मधून किती मिळतं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मी सांगते, अगदी थोडं. आंबा महाग होतो तो बागेत नाही, वाटेत होतो.

आता मेक्सिकोचा. लाल-हिरवा गोलसर असेल तर तो बहुतेक टॉमी अ‍ॅटकिन्स, रंग सुंदर, गरात धागे, वास जवळजवळ नाहीच. पण त्याला परका म्हणू नका बरं का. १८८९ साली आपल्याकडून मलगोव्याची कलमं फ्लोरिडाला गेली, त्याच्या कोयीपासून हेडन नावाचा आंबा झाला आणि हेडनच्या कोयीपासून हा टॉमी, म्हणजे आजी आपलीच. तिकडच्या लोकांनी त्याला निवडलं ते टिकतो म्हणून, चवीसाठी नाही. त्याचा आमरस करू नका, फोडी करून मीठ-तिखट लावून खा, छान लागतो. आमरसाला मेक्सिकोचाच दुसरा आंबा आहे, अताउल्फो, छोटा, चपटा, पिवळाधमक, काही दुकानांत हनी मँगो म्हणतात. धागा जवळजवळ नाही, कोय पातळ. फक्त घाई करू नका, पिवळा दिसतो म्हणून लगेच कापला तर आंबट निघतो, सालीला सुरकुत्या पडेपर्यंत ओट्यावर ठेवा, फ्रीजमध्ये नाही. लेकीकडे गेले होते तेव्हा मी सहा अताउल्फो आणि दोन हापूस असा रस केला होता, वास हापूसचा आणि वाटी भरून, जावईबापूंनी पुरी सोडून चमच्याने खाल्ला. तुम्ही पण असंच करा, एक पेटी चार वेळा पुरेल.

प्रश्न (ठाणे): मागच्या वर्षी रस्त्यावर "देवगड हापूस" लिहिलेली पेटी घेतली, कापल्यावर आत पिवळा आणि पाणचट. तो कर्नाटकचा होता असं शेजारचे म्हणाले. ओळखायचं कसं? आणि दोन आंब्यांत आत पांढरा स्पंजसारखा भाग निघाला, ते औषध मारल्यामुळे होतं का?

उत्तर: खोक्यावर काहीही छापता येतं, पेटीत घातलेल्या वर्तमानपत्रावर तर नाहीच जायचं, मी तर एकाच पेटीत खाली कानडी आणि वर मराठी पेपर पाहिलाय. आंबा हातात घ्या. कोकणच्या हापूसची साल पातळ, पिकल्यावर एकसारखा पिवळाधमक होत नाही, कुठे हिरवट झाक राहते, कुठे केशरी, आणि देठाजवळ खांदे भरलेले दिसतात. देठाशी नाक नेलं की वास यायला हवा, खोलीत ठेवला तरी खोली भरते. कर्नाटकच्या आंब्याची साल जरा जाड आणि तकतकीत, आत गर केशरीपेक्षा पिवळ्याकडे झुकणारा. तो वाईट आंबा आहे असं अजिबात नाही, बदामी म्हणून बंगळुरूला लोक आवडीने खातात, पण मग त्याला बदामी म्हणा आणि बदामीचे पैसे घ्या ना! हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, तेव्हा ओळखीचा बागायतदार गाठा किंवा नोंदणीचा क्यूआर कोड असलेली पेटी घ्या.

देवगड का रत्नागिरी हा वाद मी माहेरची असूनही घालणार नाही, दोन्हीकडे कातळावरची बाग चांगली आणि पाणथळ जमिनीतली कमी, एवढंच खरं.

तो पांढरा भाग म्हणजे साका. औषधाचा काही संबंध नाही. आंबा झाडावर असतानाच जमिनीची धग लागून आतल्या आत होतो, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, अगदी देखणं फळ असतं, सुरी घातली की कळतं. म्हणून फार उशिरा काढलेल्या, पूर्ण भरलेल्या आंब्यात तो जास्त, आणि झाडाखाली पालापाचोळा पसरून जमीन गार ठेवली तर कमी. वडील पाहुण्यांसमोर आंबा कापताना पहिला स्वतः कापून बघायचे आणि साका निघाला की त्यांचा चेहराच उतरायचा, जणू त्यांनीच चूक केली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलमचा संकर करून रत्ना काढला तो याचसाठी, त्यात साका नाही. मिळाला तर जरूर खा.

प्रश्न (नवी मुंबई): नोव्हेंबरमध्ये वाशीला "मलावी हापूस" पाहिला, भाव ऐकून घाबरले. आफ्रिकेचा आंबा आणि आपल्यापेक्षा महाग?

उत्तर: इथे तुमच्या लक्षात येईल की गणित तेच, फक्त उलटं. मलावी विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे आपल्याकडे दिवाळी झाली की तिकडे आंबा तयार, आणि ती कलमं मूळची आपल्या कोकणातूनच नेलेली. येतो विमानाने, माल थोडा, आणि त्या दिवसांत बाजारात दुसरा आंबा नाही, मग भाव चढणारच. चवीला चांगला असतो, मी खाल्लाय, घट्ट आणि गोड, पण वास आपल्यासारखा दरवळत नाही. घरात कुणाचं डोहाळजेवण असेल आणि आंबाच हवा म्हणाली तर अवश्य आणा, एरवी तेच पैसे एप्रिलपर्यंत बाजूला ठेवा.

प्रश्न (म्हापसा): सगळे हापूस हापूस करतात. आमचा मानकुराद?

उत्तर: तुमचा राग मला मान्य आहे. मानकुराद हापूसपेक्षा रसाळ, धागा नाही, आणि गोडीला थोडी आंबट धार आहे ती मला हापूसपेक्षाही आवडते, हे माहेरी कळलं तर बोलणी बसतील. त्यालाही २०२३ मध्ये मानांकन मिळालंय. मालच थोडा, आणि आहे तो गोव्यातच खपतो, मग आम्हाला कुठून मिळणार! तुम्ही पहिल्या डझनाला जो भाव देता तो ऐकून तर एडिसनचा हापूस स्वस्त वाटेल.

प्रश्न (पुणे): जूनमध्ये मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातेय. बॅगेत साडीत गुंडाळून सहा पायरी नेल्या तर?

उत्तर: नका नेऊ ताई. भारतातून ताजा आंबा बॅगेतून न्यायला तिथे परवानगी नाही, वर सांगितलेल्या फळमाशी आणि भुंग्यामुळेच, आणि न सांगता नेलात तर आंबे तर जातीलच, वर दंड होऊ शकतो, आणि त्या रांगेत उभं राहून आंबे कचऱ्यात जाताना बघणं फार जिवाला लागतं, माझ्यासमोर एका आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कंपनीने सीलबंद केलेला रसाचा डबा न्या आणि तिथे उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं आपणहून सांगा. पायऱ्या इथेच पुण्यात खाऊन जा, निघायच्या आदल्या रात्री, रसात थोडी सुंठ आणि चमचाभर तूप घालून.