ब्रिटनमध्ये अभिजात संगीतकाराला 'सर' मिळालं म्हणजे सामान्य लोक त्याला ओळखतात असं समजायचं का?

नाही. हॅरिसन बर्टविसल यांचंच बघा. 1988 साली ते सर झाले, पण घरी टीव्ही लावून बसणाऱ्यांच्या कानावर त्यांचं संगीत पडलं ते 1995 मध्ये, प्रॉम्स या लंडनच्या वार्षिक संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री. सॅक्सोफोन, ड्रम्स आणि वाद्यवृंदासाठीची त्यांची 'पॅनिक' बीबीसीने थेट दाखवली आणि देशभक्तीच्या गाण्यांची वाट बघणाऱ्या प्रेक्षकांच्या तक्रारी सुरू झाल्या. रचना दमदार आहे, जरूर ऐका. तिच्यासाठी ती रात्र मात्र चुकीची होती.

जॉन टॅव्हेनर यांचं उलट झालं. 'साँग फॉर अथीनी' 1993 ची. 6 सप्टेंबर 1997 ला डायनाची शवपेटी वेस्टमिन्स्टर ॲबीतून बाहेर नेताना ती गायली गेली आणि तोवर गायकवृंदांच्या वर्तुळात असलेली रचना एका सकाळीत जगभर पोचली. 'सर' त्यानंतर, 2000 मध्ये. ती लोकांना का भिडली हे आपल्या कानाला लगेच कळतं: खालचे पुरुष आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत खर्जातला एकच स्वर धरून असतात, तंबोऱ्यासारखा. त्यावर 'अलेलुया' संथपणे फिरत राहतं, शेवटाकडे सगळे आवाज एकदम खुलतात आणि परत विरतात. वादकांमध्ये असंच झालं ते चेलोवादक शेकू कॅने-मेसन याचं. 2016 मध्ये बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा त्याने जिंकली, पण घराघरात नाव झालं ते मे 2018 मध्ये हॅरी-मेगनच्या लग्नात चेलो वाजवल्यावर.

आता पदवीची वाट. कोणीही कोणाचंही नाव सुचवू शकतो. सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज भरायचा, सोबत त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्यांची किमान दोन पत्रं जोडायची. मग साधारण दीड वर्ष थांबायची तयारी ठेवायची. याद्या नववर्षाला आणि जूनमध्ये निघतात. अर्ज कच्चा राहतो तो बहुधा विशेषणांमुळे: 'थोर', 'महान' याने काही होत नाही, त्या माणसामुळे नेमकं काय बदललं ते लिहावं लागतं. आणखी एक, मरणोत्तर पदवी देत नाहीत, त्यामुळे उशीर केला तर संधी गेलीच.

सन्मानाच्या चढत्या पायऱ्या एमबीई, ओबीई, सीबीई आणि मग सर किंवा (स्त्रियांसाठी) डेम. याहून दुर्मीळ दोन मान आहेत: कम्पॅनियन ऑफ ऑनर, एका वेळी 65 जण, आणि ऑर्डर ऑफ मेरिट, फक्त 24. ऑर्डर ऑफ मेरिट राजा स्वतःच्या मर्जीने देतो. संगीतकारांसाठी मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो.

लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे संगीत संचालक (कंडक्टर) सायमन रॅटल यांना 'सर रॅटल' म्हणणं. 'सर'नंतर पहिलं नाव येतं, म्हणून 'सर सायमन' किंवा 'सर सायमन रॅटल'. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या नावाआधी तर 'सर' लावूच नका. त्यांना 1965 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली, आणि 1976 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, ते लॉर्ड झाले. ब्रिटनचा राजा ज्या देशाचा राजा नाही, तिथल्या नागरिकाला पदवी मिळते ती मानद, 'सर' लावता येत नाही. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांना ती 1965 मध्येच मिळाली होती, पण 'सर यहुदी' ते झाले 1985 मध्ये, ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर.