वाचकांचे प्रश्न : ओल्या वाळूवरचे नृत्य आणि पाहणाऱ्याची जागा

प्रश्न : रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर सूर्यास्तानंतर काही तरुणांनी सादर केलेले पथनृत्य मी पाहिले. अंगावर आरशाचे तुकडे, हातात विजेऱ्या आणि ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू हाच रंगमंच, असा तो प्रकार होता. मी बंधाऱ्यावर उभी होते. मला अंधारात धावणारे काही कवडसे तेवढे दिसले. खाली वाळूत बसलेली माझी पुतणी मात्र भारावून गेली. कथा नाही, पात्रे नाहीत. मग यात पाहायचे तरी काय?
– एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : आपण दोघींनी एकाच वेळी दोन वेगळे प्रयोग पाहिले, आणि त्याचे कारण रसिकतेपेक्षा भूमितीत अधिक आहे. पाण्याच्या पृष्ठभागाकडे सरळ वरून पाहिले, तर त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत येतो. नजर पाण्याला जवळजवळ समांतर झाली की हेच प्रमाण निम्म्याच्याही पुढे जाते. लाट मागे सरल्यावर वाळूवर पाण्याचा जो पातळ थर उरतो, त्यालाही हाच नियम लागू पडतो. त्यामुळे खाली बसलेल्या पुतणीला प्रत्येक नर्तकाच्या पायाशी जोडलेले त्याचे उलटे प्रतिबिंब दिसले असणार, तर बंधाऱ्याच्या उंचीवरून आपल्याला काळी वाळूच दिसली. वाळूतले पाणी झिरपून गेले की हा आरसाही नाहीसा होतो, म्हणून असे नर्तक लाटेच्या कडेकडेने सरकत राहतात.

कवडशांचेही असेच आहे. सपाट आरसा जितक्या अंशांनी वळतो, त्याच्या दुप्पट अंशांनी त्यावरून परतणारा किरण वळतो. मनगट अवघे पाच अंश फिरले, तरी वीस मीटरवर पडलेला कवडसा सुमारे साडेतीन मीटर सरकतो. शरीराची हालचाल इतकी अल्प आणि तिचा परिणाम इतका दूरवर, हे या नृत्यातले खरे नाट्य आहे. नर्तक छातीला एक झटका देतो आणि समोरच्या होडीच्या नाळेवरून, कुणाच्या तरी चेहऱ्यावरून उजेडाचा ठिपका सर्रकन निघून जातो. पुन्हा, तो ठिपका आपल्या डोळ्यांवर आला तर आरसा लखकन पेटल्यासारखा दिसतो, आणि शेजारच्या प्रेक्षकाला त्याच क्षणी तो विझलेला दिसतो. म्हणूनच रस्त्यावर किंवा पुळणीवर होणाऱ्या अशा प्रयोगात प्रेक्षकाने एका जागी खिळून राहू नये, असे माझे मत आहे. पुढच्या वेळी थोडा वेळ बसून पाहावे, मग बाजूला जावे, मग नर्तकांच्या पाठीमागे समुद्राच्या अंगाला जाऊन पाहावे. कथेची उणीव तरीही भासली, तर तो आपल्या आवडीचा प्रश्न आहे आणि त्यात गैर काही नाही. केवळ चमक दाखवून थांबणारे प्रयोगही पुष्कळ असतात.

प्रश्न : आरसे, विजेऱ्या, रंगीत दिवे यांना पथनृत्य म्हणावे का? रस्त्यावरचे नृत्य साधनांवाचून व्हायला हवे. शिवाय आमच्या जत्रांतल्या दशावतारी नाटकांत गॅसबत्तीच्या उजेडात हे सारे आधीच होऊन गेले आहे, असे मला वाटते.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : साधनांबद्दलचा आपला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ब्रेकिंग आणि कॅलिफोर्नियात लॉकिंग व पॉपिंग या पथनृत्याच्या शैली घडल्या, तेव्हा फरशी, संगीत आणि शरीर एवढ्यावरच त्यांचे भागत असे. तथापि प्रकाशाची कल्पना तेथेही होतीच. पॉपिंगमध्ये स्नायू एकदम आवळून सैल सोडतात. त्यातूनच आलेल्या स्ट्रोबिंग या प्रकारात नर्तक हालचालीचे इतके बारीक तुकडे पाडतो की, साध्या उजेडातही त्याच्यावर उघडझाप करणारा दिवा लावला आहे असा भास होतो. ज्याला हे साधले, त्याच्या हाती आरसा शोभतो. ज्याला साधले नाही, त्याचे उणेपण आरसा झाकू शकत नाही.

उजेडालाच नृत्याचा विषय करण्याची वाट मात्र रस्त्यावरून आलेली नाही. अमेरिकन नर्तकी लोई फुलर हिने १८९२ पासून पॅरिसच्या रंगमंचावर रेशमी वस्त्राच्या प्रचंड घोळांवर रंगीत विजेचे झोत टाकून नृत्ये केली, आणि आरशांचा व खालून उजळलेल्या काचेच्या जमिनीचाही उपयोग केला. दशावताराविषयी म्हणाल, तर गॅसबत्तीच्या उजेडात एका बाकड्यावर अख्खी राजसभा उभी करण्याचे त्याचे सामर्थ्य वादातीत आहे. पण तेथे उजेड पात्रासाठी असतो, येथे उजेड हेच पात्र आहे. प्रत्येक नव्या गोष्टीची नाळ जत्रेशी जोडण्याचा आपला हट्ट दोन्ही कलांवर अन्याय करतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा गट फेब्रुवारीत आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर असा प्रयोग करू इच्छितो. काय काळजी घ्यावी?
– एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : जागा बदलावी, हे पहिले. आंजर्ले, वेळास आणि गुहागर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. मादी उजेडाने बिचकून अंडी न घालताच परत फिरू शकते. पिल्ले रात्री समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात आणि कृत्रिम दिवे दिसले की भलत्याच दिशेला भरकटतात. त्या दिवसांत गावातले पटांगण किंवा तळ्याचा काठ निवडावा. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर उघड्यावर लावता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. काचेचे आरसे अनवाणी पायांखाली फुटतात, म्हणून अ‍ॅक्रिलिकचे तुकडे वापरावेत. रस्त्यावरच्या फलकांना असते तशी चमकपट्टी वापरणार असाल, तर ती उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते हे विसरू नये. दिवा बाजूला ठेवलात, तर प्रेक्षकांना ती पट्टी करडीच दिसेल. त्यापेक्षा प्रेक्षकांनाच आपापल्या मोबाइलची विजेरी डोळ्यांजवळ धरायला सांगावे.

प्रश्न : अशा प्रयोगाच्या मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत काळे पट्टे का सरकताना दिसतात?
– एक वाचक, मालवण

उत्तर : अनेक एलईडी दिव्यांचा उजेड कमी करताना ते अतिशय वेगाने बंद-चालू केले जातात. डोळ्याला ती उघडझाप जाणवत नाही. मोबाइलचा कॅमेरा मात्र चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे दिवा बंद असतानाच्या ओळी काळ्या उमटतात. कॅमेऱ्यात शटरचा वेग कमी करण्याची सोय असल्यास तो ५० हर्ट्झच्या विजेला जुळेल असा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, ठेवून पाहावा. पट्टे बहुधा फिके होतील. तरीही राहिले, तर आयोजकांना दिवे पूर्ण तेजावर ठेवायची विनंती करावी.