लग्नपत्रिकेसाठी वळणदार फॉन्ट वापरताना

पहिलीच पत्रिका करतोयस आणि झापफिनोच्या प्रेमात पडलायस, हे स्वाभाविक आहे. जर्मन अक्षररचनाकार हर्मान झाप्फ यांच्या हस्ताक्षरावरून आलेला हा फॉन्ट 1998 साली लिनोटाइप या फॉन्ट कंपनीने बाजारात आणला. मॅक असेल तर तो तुझ्याकडे आधीच आहे. पण सगळी पत्रिका त्यात टाकू नकोस. वधू-वरांची इंग्रजी नावं, फार तर एक ओळ, बस्स. मुहूर्त, स्थळ, फोन नंबर साध्या फॉन्टमध्ये ठेव. आजोबांना चष्म्याशिवाय हॉलचा पत्ता वाचता आला पाहिजे.

त्याचे फाटे वर-खाली खूप लांब जातात. म्हणून ओळींत मोकळी जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचा g खालच्या नावात घुसतो. सगळी अक्षरं कॅपिटल तर कधीच नको, नुसती जाळी दिसते. आणि ट्रॅकिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावू नकोस, जोडणी तुटते. देवनागरीत तर शिरोरेषाच फाटते, दात पडल्यासारखी! (हे मी पहिल्या वर्षी छापून घेतलंय, विचारू नकोस.)

झापफिनोत देवनागरी नाही. मराठी मजकुराला हाताची लय हवी असेल तर 'कलम' बघ: मोफत आहे, तीन वजनांत (बारीक, मध्यम, ठळक) मिळतो. तो मात्र राजेशाही नाही, वहीतल्या अक्षरासारखा मोकळा आहे. मुंजीला, बारशाला छान. भरजरी पत्रिकेला मी तो घेणार नाही.

सोनेरी फॉइल करणार असशील तर बारीक रेषा आधी एका कार्डावर छापून बघ. आणि प्रेसला फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन (म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार) करून दे.