मिश्र नेटवर्कसाठी बॅकअप: सुरुवात इथून करा

ऑफिसच्या नेटवर्कवर विंडोज, दोन लिनक्स आणि एक मॅक, एवढीच मशीन्स असतील तर आधी अर्‌बॅकअप हा बॅकअपचा प्रोग्राम लावून बघा. त्याचा सर्व्हर (बॅकअप साठवणारा भाग) लिनक्सवर किंवा विंडोजवर चालतो, तिन्हींसाठी क्लायंट (प्रत्येक मशीनवर बसवायचा भाग) मिळतात आणि सगळा कारभार ब्राउझरमधून बघता येतो. बोर्ग हा दुसरा बॅकअप प्रोग्राम उत्तम आहे, पण विंडोजवर थेट चालत नाही. बॅक्युला आणि बॅरिऑस या मोठ्या बॅकअप प्रणालींच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. त्यांच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायली वाचतानाच उत्साह संपतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सिंक (दोन ठिकाणच्या फायली सतत सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते.
- बॅकअपची डिस्क सगळ्यांना शेअर करून ठेवणं. रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर तीही लॉक होईल. एक प्रत ऑफिसबाहेर हवीच.
- रेस्टिक (डेटा पासवर्डने कुलूपबंद करणारा बॅकअप प्रोग्राम) घेतलंत तर पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला की डेटा गेला, मागचा दरवाजा नाही.

आणि रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून फायली परत आणणं! ‘बॅकअप झाला’ ही हिरवी खूण बघून निर्धास्त होणारे खूप. पहिल्याच आठवड्यात एक फोल्डर दुसऱ्या मशीनवर परत आणा, फायली उघडून बघा. डीडुप्लिकेशन (तोच डेटा एकदाच साठवणं), टेपवरचा बॅकअप वगैरे नंतर बोलू. आधी एकाच विंडोज मशीनवर सुरू करा, अडलात तर विचारा.