नावेतला सहावा

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा दोनदा वाचली. शाळेत रोज मार खाणाऱ्या मुलाची घुसमट तू अचूक पकडली आहेस. मात्र त्याला छळणारा मुलगा पहिल्या पानापासून केवळ छळतच राहतो, त्यामुळे अखेरीस त्याची खोड मोडली की वाचणारा सुखावतो आणि विषय तेथेच मिटतो.

जेकब एरन एस्टेस यांचा २००४ सालचा ‘मीन क्रीक’ हा अमेरिकी चित्रपट मिळवून पाहा. ओरेगनमधल्या एका लहान गावात जॉर्ज नावाचा धिप्पाड मुलगा किरकोळ अंगाच्या सॅमला बेदम मारतो. कारण काय, तर सॅमने त्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला हात लावला. सॅमचा थोरला भाऊ आणि त्याचे मित्र बेत आखतात, की सॅमच्या वाढदिवसाचे निमित्त सांगून जॉर्जला नदीवर न्यायचे, कपडे उतरवून पाण्यात ढकलायचे आणि तसेच घरी पळायला लावायचे. येथवर ती गोष्ट तुझ्याच वाटेने जाते. पुढे जॉर्ज चक्क भेटवस्तू घेऊन येतो. आपल्याला कोणीतरी बोलावले, याचाच त्याला इतका आनंद झालेला असतो, की सॅमला बेत सोडून द्यावासा वाटू लागतो. सूड ज्याच्यासाठी, तोच माघार घेतो. पण बाकीच्यांपैकी मार्टीला ते मान्य नसते.

एस्टेस जॉर्जला बिचाराही करत नाहीत. डिवचला गेल्यावर तो मार्टीच्या वडिलांच्या आत्महत्येवरून असे विखारी बोलतो, की पाहताना आपल्याही मुठी वळतात. आणि त्या मुठी सैल होण्याआधीच धक्काबुक्कीत तो नदीत पडून बुडतो. आपला राग आणि त्याचा मृत्यू यांच्यामध्ये दिग्दर्शकाने श्वास घेण्यापुरतीही फट ठेवलेली नाही. त्यानंतरचा चित्रपट मृतदेह पुरणाऱ्या आणि कबुली द्यावी की नाही यावर एकमेकांपासून तुटत जाणाऱ्या मुलांचा आहे. तुझ्याकडे सूडानंतर अवघी दीड पाने आहेत.

कॅमेराही नीट पाहा. ज्या वस्तूवरून मारहाण झाली, तिच्यातूनच जॉर्जला स्वतःविषयी काय सांगायचे होते ते उलगडते, आणि तेही फार उशिरा.

खर्चाचे म्हणशील, तर या चित्रपटाला मिळालेला जॉन कॅसाव्हेटीस पुरस्कार तेव्हा पाच लाख डॉलरांहून कमी खर्चाच्या चित्रपटांसाठी होता. नावेत सहा जण आणि भोवती नदी, एवढ्यावर त्यातला सर्वांत जड भाग उभा आहे. म्हणून स्नेहसंमेलनातला दोनशे मुलांचा प्रसंग काढून टाक, असे मी निःसंकोच सांगतो (तो मलाही आवडला होता, हे खरे).

त्याऐवजी छळणाऱ्या मुलाच्या घरातला एक प्रसंग लिही. त्यात त्याने कोणावर हात उगारू नये, आणि आपल्याला त्याची दयाही येऊ नये. तेवढाच प्रसंग आधी पाठव. बाकीची पाने त्यानंतर पाहू.

तुझा,
सर