उरलेल्या रंगांतून केलेल्या चित्राची किंमत कमी लावावी का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: पॅलेटवरचे वाळलेले रंग, कॅनव्हासच्या कातरणी, माउंटबोर्डचे (चित्र मढवताना वापरतात त्या जाड पुठ्ठ्याचे) तुकडे यांतून केलेली चित्रं टिकतात का, आणि साहित्य फुकटचंच म्हणून किंमत कमी लावावी का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ‘फुकटचं’ वाचूनच डोकं तापलं.

अजिबात लावू नका.

माझ्या एका प्रदर्शनात ॲक्रिलिकच्या खपल्यांचं मोठं चित्र होतं. काचेच्या पॅलेटवर पाणी टाकून रंग भिजवायचा, ब्लेडने सोडवायचा, छटांप्रमाणे डब्यांत साठवायचा आणि मग एकेक खपली मीडियमने (गोंदासारखं चिकटणाऱ्या, बिनरंगाच्या ॲक्रिलिकने) कॅनव्हासवर बसवायची. खपलीची काचेकडची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत निघते, वरची खडबडीत. कोणती बाजू दिसू द्यायची, हे प्रत्येक तुकड्याला ठरवावं लागतं. नळीतल्या रंगाने तेच चित्र कितीतरी आधी हातावेगळं झालं असतं. गॅलरीच्या मालकांनी तोंडभर कौतुक केलं आणि वर म्हणाले, “म्हणजे साहित्याचा खर्च शून्यच की! किंमत निम्मी करू, लगेच जाईल.” मी विचारलं, “शेजारच्या तैलचित्राला किती नळ्या लागल्या, ते त्या चित्रकाराला विचारलंत का?” ते नुसते हसले. मी किंमत उतरवली नाही. चित्र विकलं गेलं नाही, माझ्याच भिंतीवर आहे, आणि माझं म्हणणं आजही तेच आहे.

जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स 1919 पासून तिकिटं, वेष्टणं, कागदाचे कपटे चिकटवून ‘मर्झ’ चित्रं करत होता. ती आज संग्रहालयांत आहेत आणि तिकिटाच्या भावाने त्यांची किंमत कोणी करत नाही. गॅम्ब्लिन ही रंगकंपनी हवेच्या फिल्टरमध्ये साठलेल्या रंगद्रव्याच्या धुळीतून ‘टॉरिट ग्रे’ नावाचा राखाडी तैलरंग करते. (तो ती विकत नाही, भेट देते. त्या मालकांना हे कळू नये!)

आणि चित्राखालच्या पाटीवर ‘टाकाऊतून टिकाऊ’ लिहू नका. बाकीचे लिहितात तसं ‘ॲक्रिलिक, कॅनव्हास’ एवढंच लिहा. ‘टाकाऊतून टिकाऊ’ वाचलं की माणूस चित्र बघायचं सोडून काटकसरीचं कौतुक करायला लागतो.

टिकण्याचं म्हणाल तर ॲक्रिलिकची चिंता नाही. दिवसअखेर पॅलेटवर उरलेला ओला तैलरंग एकत्र घोटला की मातकट राखाडी होतो. पुढच्या कॅनव्हासवर तळरंग म्हणून तो पातळ लावा. साय धरलेला भाग आधी काढून टाका, नाहीतर गाठी राहतात. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र चढवू नका, सुटून येतं. माउंटबोर्ड आम्लविरहित असेल तरच वापरा, साधा पिवळा पडतो.

हो, सगळंच साठवायला जाऊ नका. कॅडमियमच्या किंवा शिशाच्या रंगाच्या खपल्या कोरड्या घासायच्या नाहीत, ती धूळ फुप्फुसात जाते. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या कोलाजसाठी म्हणून कोपऱ्यात ढीग करून तर मुळीच ठेवू नका: तेल वाळताना उष्णता निघते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा आणि वेळच्या वेळी टाकून द्या.